मशीन घेण्याआधी झडप बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या तुमच्या आरोग्य पुरवणीत घोरण्यावर पानभर लेख होता आणि त्याच्याच खाली घोरणं बंद करणाऱ्या मशीनची जाहिरात. लेख तसा बरा होता, वजन उतरवा, दारू सोडा, कुशीवर झोपा, यात चुकीचं काहीच नाही. पण माझं देवगड तालुक्यात मेडिकल आहे आणि सोमवारी सकाळी शटर वर करतोय तोच ती जाहिरात कापून खिशात घालून आलेले एक गृहस्थ समोर उभे, म्हणाले हे मशीन मागवून द्या, आईला रात्री श्वास अडकतो. त्यांच्या आईची चिठ्ठी मला पाठ आहे, दर महिन्याला माझ्याकडेच येते, हार्ट फेल्युअरच्या, म्हणजे हृदय कमजोर पडल्याच्या, गोळ्या आणि वर लघवीची गोळी. म्हटलं आई घोरते का? तर म्हणाले छे, घोरत बिलकुल नाही, गप्प पडते, मग एकदम डोंगर चढून आल्यासारखी जोरजोरात श्वास घेते, परत गप्प. तुमच्या पानभर लेखात अशा पेशंटबद्दल एक ओळसुद्धा नव्हती म्हणून हे लिहितोय, पत्र लांबणार आहे, आधीच माफी मागतो.

झोपेत श्वास थांबतो त्याचे ढोबळ दोन प्रकार. एकात घसा मिटतो, छाती-पोट जीव तोडून ओढत असतं पण हवा आत जात नाही, घोरणं हे त्यातलंच. तिथे नाकावर मास्क लावून हवेचा दाब देणारं सीपॅप मशीन चांगलं काम करतं, सिडनीच्या कॉलिन सुलिव्हान यांनी 1981 मध्ये ते जगापुढे आणलं आणि लाखो लोकांची झोप सुधारली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. दुसऱ्या प्रकारात घसा उघडाच असतो, मेंदूच श्वासाचा हुकूम सोडत नाही, त्यामुळे छाती-पोट काहीच न करता स्वस्थ पडून. याला सेंट्रल स्लीप ॲप्निया म्हणतात आणि हार्ट फेल्युअरच्या पेशंटमध्ये हा खूप सापडतो, दोन्ही प्रकार धरले तर निम्म्याहून जास्त हार्ट फेल्युअरवाल्यांना झोपेत श्वासाचा काही ना काही घोटाळा असतोच. श्वास हळूहळू वाढत जातो, शिगेला पोचतो, मग उतरत उतरत पूर्ण थांबतो, परत सुरू. डब्लिनच्या जॉन चेन यांनी हे 1818 मध्ये लिहून ठेवलं, तिथल्याच विल्यम स्टोक्स यांनी 1854 मध्ये, म्हणून चेन-स्टोक्स श्वास. दोनशे वर्षांची जुनी गोष्ट आहे ही, पण आमच्याकडे असा श्वास दिसला की अजून म्हातारी माणसं देवघरातला गंगेचा गडू शोधायला लागतात, कारण त्यांनी तो शेवटच्या घटकेलाच बघितलेला असतो. चालता-बोलता माणूससुद्धा रोज रात्री असा श्वास घेत असेल हे कोणाच्या डोक्यातच येत नाही.

आता यात हृदयाची झडप कुठून आली ते सांगतो, कारण सगळी गोम तिथेच आहे. हृदयाच्या डाव्या बाजूला वरच्या आणि खालच्या कप्प्याच्या मधे मायट्रल नावाची झडप असते. ती नीट मिटत नसेल तर प्रत्येक ठोक्याला थोडं रक्त पुढे जायच्या ऐवजी उलटं वर येतं, वरच्या कप्प्यात दाब वाढतो, तो दाब मागे फुफ्फुसात जातो आणि फुफ्फुसं ओलसर जड होतात. फुफ्फुसात नसांची अगदी बारीक टोकं असतात, जे-रिसेप्टर म्हणतात त्यांना, ती शोधली आपल्या डॉ. ऑतार सिंग पेंटल यांनी, दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटचे ते पुढे डायरेक्टर होते (शाळेच्या पुस्तकात हे नाव का नाही कोण जाणे). ओलं झालं की ही टोकं मेंदूला कळवतात, श्वास जोरात घे. माणूस झोपेत नको तितका श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड खाली उतरतो, आणि झोपेत श्वास चालू ठेवणारा तोच असल्यामुळे तो उतरला की मेंदू म्हणतो आता गरज नाही, आणि श्वास बंद. त्यात हृदय कमजोर म्हणजे रक्त हळू फिरणार, फुफ्फुसातली खबर मेंदूपर्यंत पोचायला उशीर. आमच्याकडे विहीर खाली व्हाळाजवळ आणि टाकी वर कलमांच्या बागेत असते ना, वरचा माणूस "बंद कर रेऽऽ" म्हणून ओरडतो ते खालच्याला ऐकू जाईपर्यंत टाकी वाहून गेलेली असते आणि "चालू कर" ऐकू जाईपर्यंत टाकी कोरडी, तसंच हे रात्रभर चालतं. प्रत्येक वेळी श्वास थांबला की ऑक्सिजन पडतो, शरीर घाबरून प्रेशर वाढवतं, आणि आधीच दमलेल्या हृदयावर अजून बोजा.

म्हणजे बघा, श्वास बिघडलाय म्हणून हृदय बिघडलंय असं आपल्याला वरून दिसतं, पण या पेशंटमध्ये बरेचदा मूळ उलट दिशेला असतं. मग मूळ ठिकाणी हात घातला तर श्वास सुधारतो का? सुधारतो, सगळ्यांचा नाही पण बऱ्याच जणांचा. गळती झडप दुरुस्त केल्यावर, बदलल्यावर, किंवा अरुंद झालेली महाधमनीची झडप मांडीतून तार घालून नवीन बसवल्यावर, सेंट्रल प्रकारचं श्वास थांबणं कमी झालेलं वेगवेगळ्या देशांतल्या अभ्यासांत दिसलंय. अभ्यास छोटे आहेत, पण तर्काला धरून आहेत. घसा मिटण्याचा प्रकार मात्र झडपेने फारसा जात नाही, तो घशाचाच प्रश्न, तिथे सीपॅप लागतंच.

आमच्या घरातलंच सांगतो. मावशीचे यजमान, साठी ओलांडलेले, आयुष्यभर बाग केली, कधी डॉक्टरची पायरी चढले नव्हते. वर्षभर त्यांना आडवं झोपवेना, आधी दोन उशा, मग तीन, मग ओटीवरच्या आरामखुर्चीतच रात्र. पित्त आहे, वारा धरलाय, असं सगळं झालं. मावशी माझ्याकडे गोळी न्यायला आली आणि म्हणाली, "अरे, ह्येंचो श्वास मधीच रवता रे, मी नाकाखाली हात लावन बघतंय, मगे एकदम जोरात येता." ती बॅटरी घेऊन बाजूला बसायची आणि भिंतीवरच्या घड्याळाच्या सेकंदकाट्यावर मोजायची, अर्ध्या मिनिटाच्या आसपास श्वास नाही. शाळा चौथीपर्यंत, पण तिने जे मोजलं ते नंतर मशीनने कागदावर काढलं तेव्हा तसंच्या तसं निघालं. मी म्हटलं मावशे, घड्याळ राहू दे, मोबाइलवर व्हिडिओ काढ, छातीवरचं पांघरूण बाजूला कर आणि पाच मिनिटं सलग धर. तो व्हिडिओ बघून कणकवलीच्या डॉक्टरांनी औषध लिहायच्या आधी टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, लिहिला. इकोत निघालं मायट्रल झडपेची दोरी तुटलेली, झडपेला खालून धरून ठेवणाऱ्या बारीक दोऱ्या असतात त्यातली एक, आणि गळती जबरदस्त.

त्यांचा मुलगा मुंबईला, त्याने तोपर्यंत कोणाचं तरी वापरलेलं मशीन ऑनलाइन विकत घेऊन एसटीच्या पार्सलने पाठवलं पण होतं. चांगल्या मनाने पाठवलं, मुंबईत बसून माणूस आणखी काय करणार. गोव्याच्या हार्टच्या डॉक्टरांनी ते लावूच दिलं नाही. त्यांनी एका रात्रीचा स्लीप स्टडी केला, बोटाला क्लिप, नाकाखाली नळी, छातीला आणि पोटाला पट्टा, एवढंच. तासाला तीसच्या वर वेळा श्वास थांबत किंवा मंदावत होता, तासाला 5 च्या आत असेल तर नॉर्मल धरतात आणि 30 च्या वर गेलं की गंभीर. आणि यातले बहुतेक सेंट्रल. आधी गोळ्यांनी पाणी उतरवलं, मग झडपेचं ऑपरेशन, महात्मा फुले जनआरोग्य योजनेत झालं. झडप दुरुस्त करता आली असती तर उत्तम, ती जमण्यातली नव्हती म्हणून कृत्रिम बसवली, आपल्याच तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा इन्स्टिट्यूटमध्ये तयार झालेली, 1990 मध्ये पहिल्यांदा माणसाला बसवली तीच चित्रा झडप. त्याच्याबरोबर रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर आली आणि आयएनआरची, म्हणजे रक्त किती पातळ आहे ते बघायची, रक्ततपासणी आली, ती चुकवून चालत नाही, पालेभाजी खायची तर रोज सारख्या बेताने, आठवडाभर काही नाही आणि एक दिवस टाकळ्याची परातभर भाजी असं नाही. ऑपरेशननंतर काही महिन्यांनी डॉक्टरांनी परत स्लीप स्टडी केला, आकडा दहाच्या खाली. काका खाटेवर आडवे झोपतात आता, मावशीची तक्रार आता एवढीच की रात्री शांत झालं की झडपेची टिक टिक ऐकू येते आणि तिला झोप लागत नाही.

हे सगळ्यांचं असंच होईल असं मी म्हणत नाही. काकांची झडप स्वतःच बिघडली होती. पुष्कळ पेशंटमध्ये उलट असतं, अटॅकनंतर हृदय फुगतं आणि त्यामुळे झडपेच्या पाकळ्या लांब ओढल्या जाऊन मिटत नाहीत, झडप चांगली पण चौकट वाकडी. असल्यांना छाती उघडायचं ऑपरेशन झेपेलच असं नसतं. त्यांच्यासाठी मांडीच्या शिरेतून वर जाऊन दोन पाकळ्या मधोमध चिमटीत धरणारी क्लिप निघालीय, मूळ कल्पना इटलीच्या ओत्ताविओ अल्फिएरी या सर्जनची, ते टाक्याने करायचे. या क्लिपचे दोन मोठे अभ्यास 2018 मध्ये एकाच वर्षी बाहेर आले. अमेरिकेतल्या कोॲप्टमध्ये दोन वर्षांत क्लिपवाल्यांत 29.1 टक्के पेशंट दगावले आणि नुसत्या औषधांवर असलेल्यांत 46.1 टक्के. फ्रान्समधल्या मित्रा-एफआरमध्ये मात्र काहीच फरक पडला नाही. दोन्ही खरे. जाणकार म्हणतात अमेरिकेत पेशंट निवडून घेतले होते, औषधं पूर्ण जोरात देऊनसुद्धा ज्यांची गळती हृदयाच्या मानाने जास्त उरली तेच. म्हणजे क्लिप कोणाला याचा निर्णय गोळ्या नीट घेतल्यानंतरचा आहे, आणि आमच्या भागात घोडं तिथेच अडतं. खर्चाचं तर बोलायलाच नको, हापूसची दोन-तीन सालं गहाण टाकावी लागतील.

आता त्या मशीनबद्दल, ज्याच्यासाठी मुळात लिहायला घेतलं. सेंट्रल प्रकारासाठी एक हुशार मशीन निघालं होतं, एएसव्ही, पेशंटचा श्वास मंदावला किंवा थांबला की स्वतःच हवा ढकलतं. सगळ्यांना वाटलं आता सुटलो. मग 2015 मध्ये सर्व्ह-एचएफ नावाच्या अभ्यासाचा निकाल आला, 1325 पेशंट, सगळ्यांचं इजेक्शन फ्रॅक्शन (एका ठोक्याला हृदय आतलं किती टक्के रक्त बाहेर ढकलतं तो आकडा) 45 टक्के किंवा त्याहून कमी आणि श्वास थांबणं मुख्यतः सेंट्रल. मशीनने कागदावर श्वास मस्त सुधारला, पण हृदयाच्या कारणाने मेलेले मशीनवाल्यांत 29.9 टक्के आणि बिनमशीनवाल्यांत 24 टक्के. म्हणजे श्वास सुधारला आणि माणसं जास्त मेली! का, यावर अजून वाद आहे. नंतर वेगळ्या पद्धतीने चालणाऱ्या मशीनवर ॲडव्हेंट-एचएफ अभ्यास झाला, त्यात अपाय दिसला नाही पण आयुष्य वाढलं असंही नाही. साधं सीपॅप आणि एएसव्ही यात फरक आहे हे मला कळतं, पण जाहिरात बघून फोन लावणाऱ्या माणसाला कोण सांगणार? त्याला डबा सारखाच दिसतो, आणि वापरलेल्या मशीनच्या बाजारात तर काय येईल ते. कमजोर हृदयाच्या माणसाने इको आणि स्लीप स्टडी झाल्याशिवाय, रिपोर्टात कुठला प्रकार किती हे वेगवेगळं लिहून आल्याशिवाय, असलं काहीही नाकाला लावू नये हे तुम्ही मोठ्या अक्षरात छापायला हवं होतं. आणि जाहिरातवाल्याला विचारायला हवं होतं की लाइट गेल्यावर काय करायचं, तौक्ते वादळात 2021 मध्ये आमच्याकडे कित्येक वाड्यांत दिवसच्या दिवस वीज नव्हती, साध्या पावसातपण वायरमनची वाट बघत रात्र जाते.

काउंटरवरून दिसणाऱ्या दोन-तीन गोष्टी सांगतो, डॉक्टरांना त्या दिसत नाहीत. पहिली, झोपेची गोळी. रात्री धाप लागून उठणारा माणूस मला येऊन सांगतो "झोप येत नाही", आणि अल्प्राझोलाम मागतो, शेजाऱ्याला दिलीस मग मला का नाही म्हणून भांडतो. ती चिठ्ठीशिवाय देता येत नाही आणि चिठ्ठी असली तरी मी विचारतो की झोप येत नाही की आडवं झाल्यावर श्वास पुरत नाही, कारण या दोन एकदम वेगळ्या गोष्टी आहेत. दुसरी, लघवीची गोळी. देवगडहून एसटीने कणकवली-सावंतवाडीला चेकअपला जायचं म्हणून लोक त्या दिवशी गोळी घेतच नाहीत, वाटेत बाथरूम कुठे करणार, बायका तर आदल्या दिवशीपासून बंद करतात, आणि मग डॉक्टर तपासतात तो दिवस नेमका पाणी भरलेला. यात पेशंटला बोलून उपयोग नाही, स्टँडवरच्या बाथरूमची अवस्था बघा. निदान डॉक्टरांना सांगा तरी की आज घेतली नाही. तिसरी जरा चांगली बातमी, डापाग्लिफ्लोझिन ही हार्ट फेल्युअरची गोळी 2020 मध्ये पेटंट संपल्यावर एकदम स्वस्त झाली, पूर्वी किंमत ऐकून परत जाणारी माणसं आता महिन्याची घेऊन जातात.

आणि मीठ. डॉक्टर म्हणतात मीठ कमी, पेशंट म्हणतो मी वरून घेतच नाही, दोघंही खरं बोलतात. पण 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, मग घरात काय, खारा बांगडा, सुकट, सुके बोंबील, सोबत पेज आणि खारातली कैरी. एका भाजलेल्या खाऱ्या बांगड्यात दिवसभराचं मीठ येतं असं म्हटलं तर बायको हसते, पण चाखून बघा. पावसात पाय सुजलेली माणसं माझ्याकडे जास्त येतात असं मला दिसतं, मोजलेलं नाही. दिवसभर पायात उतरलेलं ते पाणी रात्री आडवं झाल्यावर तिथेच राहत नाही, वर सरकतं, फुफ्फुसाकडे आणि मानेकडे, आणि श्वासाचे दोन्ही प्रकार वाढवतं. सुकं एकदम सोडा म्हटलं तर कोणी ऐकणार नाही, निदान दोन-तीन पाण्यात भिजवून धुवून घ्या, आणि रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं तर ती चरबी नाही, पाणी आहे, फोन लावा डॉक्टरला.

मागणं फार मोठं नाही. जिल्हा रुग्णालयात आणि जमलं तर उपजिल्हा रुग्णालयांत घरी नेता येतील असे स्लीप स्टडीचे चार-पाच रेकॉर्डर ठेवावेत, एका रात्रीसाठी द्यायचे, सकाळी परत घ्यायचे, हॉस्पिटलात कॉट अडत नाही आणि गोवा-कोल्हापूरची फेरी वाचते. हृदयरोगाची शिबिरं इथे हौसेने भरतात, बॅनर लागतात, नेते येतात, ईसीजी निघतात. तिथे पेशंटच्या बायकोला किंवा नवऱ्याला एकच प्रश्न विचारा, रात्री श्वास मधेच थांबतो का, आणि हो म्हणाली की त्याला त्याच दिवशी इकोच्या लायनीत उभा करा. आणि ज्यांचं झडपेचं ऑपरेशन, फुगा (अरुंद झडप आतून फुगा फुगवून उघडणं) किंवा क्लिप झालंय त्यांचा स्लीप स्टडी तीन-सहा महिन्यांनी परत व्हावा, कारण काहींना मशीन नंतर लागतच नाही आणि काहींना झडप सुधारूनसुद्धा लागतं, ते घरबसल्या कोणाला कळणार.

पत्र लांबलंय ते दिसतंय मला. जागा कमी पडली तर मीठ आणि एसटीचं खुशाल कापा, पण मशीनचा मजकूर ठेवा, आणि शक्य असेल तर ज्या पानावर ती जाहिरात होती त्याच पानावर छापा, कात्रणं कापणारी माणसं तेच पान बघतात.

कळावे,
आपला एक वाचक, मेडिकलवाला,
ता. देवगड, जि. सिंधुदुर्ग